शंकेचा आजार आणि मेंदूवरची सुरी

'मंत्रचळ' हा शब्द आपण मराठीत फार सैलपणे वापरतो. निघताना कुलूप दोनदा ओढून पाहणाऱ्याला मंत्रचळ लागला म्हणतो, धुतलेले ताट पुन्हा विसळून घेणाऱ्या आजीलाही म्हणतो. त्यात थट्टा असते आणि थोडे कौतुकही. पण याच शब्दाच्या दुसऱ्या टोकाला अशी माणसे आहेत, ज्यांचे रोजचे आठ-दहा तास हात धुण्यात जातात. कातडी सोलवटते, रक्त येते, तरी 'स्वच्छ झाले' ही खूण मनाला पटत नाही. कोणी उंबऱ्यापाशी अडकून पडते, कारण पाऊल 'बरोबर' पडले नाही. कोणाच्या मनात आपल्याच तान्ह्या मुलाला इजा करण्याचा विचार येत राहतो आणि त्या विचाराच्या भीतीने ती आई मुलाला जवळ घेणेच सोडते. वैद्यकात याला 'ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर' म्हणतात. आता घराघरांत 'ओसीडी' हेच नाव रुळले आहे.

मी डॉक्टर नाही. हिशेबनिशीची नोकरी करता करता गेली वीसेक वर्षे वैद्यकाच्या इतिहासावरची जुनी-नवी पुस्तके आणि शोधनिबंध वाचत आलो आहे. या विषयावर कुठे बोलायला गेलो की शेवटी एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी बहुधा आई असते, नाहीतर नवरा. "औषधे झाली, समुपदेशन झाले. आता ऑपरेशनने हे जाते का?" आणि त्यामागून, जरा खालच्या आवाजात, दुसरा प्रश्न येतो: "पण मग माणूस तोच राहतो ना?" हा लेख त्या दोन प्रश्नांसाठी आहे.

आधी उपचारांची उतरंड

शस्त्रक्रियेचा विचार ही या वाटेवरची अगदी शेवटची पायरी आहे. जगभरच्या पाहण्यांनुसार शंभरांतील एक ते तीन जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. त्यांतल्या बऱ्याच जणांना औषधांनी आणि वर्तनोपचाराने चांगला उतार पडतो. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने एक साधी, पण धाडसी पद्धत मांडली. ज्या गोष्टीची धास्ती वाटते तिला रुग्णाने हात लावायचा आणि नंतर हात धुवायचा नाही. धास्ती चढते, शिगेला पोचते आणि काहीही न करता हळूहळू ओसरते. हा अनुभव पुन्हा पुन्हा घेतला की शंकेचा जोर कमी होतो. याच पद्धतीला पुढे 'एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन' हे नाव मिळाले. जोडीला क्लोमिप्रामिन आणि नंतर फ्लुऑक्सेटिनच्या वर्गातली औषधे आली.

हे सगळे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ करूनही काही थोड्या रुग्णांचा आजार हलत नाही. तीव्रता मोजण्यासाठी डॉक्टर १९८९ पासून 'येल-ब्राउन' मोजपट्टी वापरतात. तिच्यात शून्य ते ४० असे गुण असतात. तिशीच्या आसपास किंवा त्यापुढे गुण असलेला, वर्षानुवर्षे आजारी आणि सर्व उपचार थकलेला रुग्ण, एवढ्यांपुरतीच शस्त्रक्रियेची चर्चा आहे. गुण ३५ टक्क्यांनी उतरले की उपचार लागू पडला असे मानतात. ही व्याख्या लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे आकडे तिच्यावर उभे आहेत. लागू पडणे म्हणजे आजार जाणे नव्हे.

पाणी एकाच वाफ्यात का जाते?

या आजारात मेंदूत काय होते, हे समजायला शेताला पाणी देणारा गडी डोळ्यांपुढे आणावा. पाटाने पाणी येते. गडी एका वाफ्याचे दार फोडतो, वाफा भरला की ते बुजवतो आणि पुढचे फोडतो. दारे धरणारा जागेवर नसेल तर पाणी एकाच वाफ्यात तुंबत राहते आणि बाकीचे रान कोरडे पडते.

मेंदूतही अशी एक फेरी आहे. डोळ्यांच्या खोबणीच्या वर असलेला मेंदूच्या पुढच्या खंडाचा भाग 'काहीतरी चुकले आहे' असा इशारा देतो. तो इशारा मेंदूच्या पोटातल्या कॉडेट नावाच्या केंद्राकडे जातो. कुठला विचार पुढे सोडायचा आणि कुठला थांबवायचा, ही निवड करण्यात या केंद्राचा मोठा वाटा असतो; आपल्या उदाहरणातला दारे धरणारा गडी तो हाच. तिथून संदेश थॅलॅमसमार्गे पुन्हा पुढच्या खंडाकडे परततो. मधल्या भेगेलगतचा सिंग्युलेट हा पट्टा या फेरीला चिंतेची धार लावतो. तीव्र मंत्रचळात ही फेरी सुटतच नाही. कुलूप लावल्याचे डोळ्यांनी दिसते, हाताला जाणवते, पण 'झाले, पुढे चल' हा निरोप पोचत नाही.

ही केवळ कल्पना नाही. लॉस एंजलिसमध्ये ल्युइस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात पॉझिट्रॉन चित्रणाने मेंदूचे भाग किती साखर जाळतात हे मोजले. मंत्रचळाच्या रुग्णांत पुढच्या खंडाचा तो भाग आणि कॉडेट जास्त साखर जाळताना दिसले. १९९२ साली त्यांनी आणखी मोठी गोष्ट दाखवली. काही रुग्णांना औषध दिले होते, काहींना फक्त वर्तनोपचार. ज्यांना गुण आला त्यांच्यात उजव्या कॉडेटची साखर जाळण्याची गती दोन्ही गटांत उतरली होती. एकाने गोळी घेतली, दुसऱ्याने भीतीला सामोरे जाण्याचा सराव केला, आणि मेंदूतला बदल एकाच जागी दिसला. शस्त्रक्रियेकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे: मेंदू बदलणारा उपचार फक्त सुरीच नसते.

लिस्बनची सुरुवात आणि तिचे डाग

नोव्हेंबर १९३५ मध्ये लिस्बनला एगास मोनिझ या मेंदूविकारतज्ज्ञाने मानसिक आजारासाठी मेंदूच्या पुढच्या खंडातले तंतू नष्ट करण्याचा प्रयोग सुरू केला. त्याचे स्वतःचे हात संधिवाताने जखडले होते, त्यामुळे प्रत्यक्ष शस्त्रक्रिया पेद्रू अल्मेडा लिमा यांनी केली. पहिल्या रुग्णांत कवटीला भोके पाडून अल्कोहोल टोचले. नंतर तंतू कापणारे खास हत्यार आले. पहिल्या २० रुग्णांत ७ बरे, ७ सुधारलेले आणि ६ जैसे थे, असे मोनिझने लिहिले. पण या रुग्णांवर शस्त्रक्रियेनंतर नजर ठेवली गेली ती फारच थोडा काळ. एवढ्या तुटपुंज्या आधारावर ही पद्धत जगभर पसरली आणि १९४९ साली मोनिझला नोबेल पारितोषिकही मिळाले.

अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन आणि जेम्स वॉट्स यांनी १९३६ मध्येच ती उचलली. १९४६ पासून फ्रीमन बर्फ फोडायच्या टोच्यासारखे हत्यार डोळ्याच्या वरून आत घालून काही मिनिटांत काम उरकू लागला. त्या देशात एकूण चाळीस हजारांहून अधिक माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली असे मानले जाते. जॉन केनेडी यांची बहीण रोझमेरी ही त्यांतलीच एक. १९४१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी तिच्यावर ही शस्त्रक्रिया झाली आणि तिचे बोलणे-चालणे कायमचे खुंटले. भारतही यापासून दूर नव्हता. बंगळुरूच्या मानसिक रुग्णालयात १९४०च्या दशकातच अशा शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे १९६०च्या दशकात मद्रासला बी. राममूर्ती आणि व्ही. बालसुब्रमण्यम यांनी अनावर आक्रमकतेसाठी मेंदूतल्या अचूक ठिकाणी घाव करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर केले.

लोबोटॉमीने जे नेले ते मोजपट्टीत मावणारे नव्हते. रुग्ण शांत होत, पण बऱ्याचदा त्यांचा पुढाकार, उत्सुकता आणि भीडभाड त्या शांततेबरोबर निघून जात असे. वॉर्ड सांभाळणाऱ्यांना ते सोयीचे होते. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा मनोविकारांवरचा उपयोग दिसला आणि या शस्त्रक्रियेची लाट ओसरू लागली.

घाव लहान होत गेला

त्यानंतरचा इतिहास हा घाव लहान आणि नेमका करत नेण्याचा आहे. १९४७ मध्ये फिलाडेल्फियात स्पीगल आणि वायसिस यांनी माणसाच्या डोक्यावर चौकट बसवून मेंदूतला ठरावीक बिंदू मोजमापाने गाठण्याची पद्धत आणली. स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल यांनी तिला नवे रूप दिले. पुढे त्यांनीच कवटी न उघडता सुमारे दोनशे बारीक गामा-किरणांचे झोत एका बिंदूवर एकवटणारे यंत्र घडवले. एकेक झोत वाटेतल्या भागाला फारसा धक्का लावत नाही. जिथे सगळे एकत्र येतात तिथेच घाव होतो.

मंत्रचळासाठी आज मुख्यतः दोन जागांचा विचार होतो. पहिली, सिंग्युलेट पट्ट्याचा पुढचा भाग. या शस्त्रक्रियेला सिंग्युलोटॉमी म्हणतात आणि ती बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६०च्या दशकापासून होत आली. दुसरी, इंटर्नल कॅप्सूल या पांढऱ्या तंतूंच्या पट्टीचा पुढचा हिस्सा, ही कॅप्सुलोटॉमी. पुढचा खंड आणि थॅलॅमस यांना जोडणाऱ्या तंतूंचा मोठा जुडगा इथून जातो. शेताच्या भाषेत बोलायचे तर इथे गड्याला हात लावत नाहीत, पाटच अरुंद करतात.

घावानंतर मेंदूत काय होते?

घाव काही मिलिमीटरांचा असला तरी त्याचा परिणाम त्या जागेपुरता राहत नाही. याचा पहिला पुरावा वेळेतच आहे. घाव एका दिवसात होतो, पण सिंग्युलोटॉमीनंतर सुधारणा दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने जातात. तंतू कापणे एवढेच कारण असते तर रुग्ण भुलीतून जागा होतानाच बरा व्हायला हवा होता. म्हणजे घावानंतर मेंदू स्वतःची मांडणी हळूहळू बदलत असावा.

दुसरा पुरावा चित्रणातला. स्कॉट राऊख आणि सहकाऱ्यांनी २००० साली सिंग्युलोटॉमीच्या आधीच्या आणि काही महिन्यांनंतरच्या चित्रणांची तुलना केली. घाव सिंग्युलेटमध्ये होता, पण आकारमान घटले होते दूरच्या कॉडेटचे. ज्या केंद्राला सिंग्युलेटकडून तंतू येतात, ते केंद्र तो पुरवठा तुटल्यावर आक्रसले, असा याचा अर्थ लावला जातो. एका वाफ्याकडचे पाणी तोडले की पुढच्या वाफ्यातले पीकही सुकते, तसाच हा प्रकार. यातूनच शस्त्रक्रियेची ताकद आणि धोका दोन्ही कळतात. तीच फेरी शंका फिरवते आणि तीच फेरी पुढाकार, नियोजन व संयम सांभाळते. दोहोंसाठी वेगळे पाट नाहीत.

आता हिशेब

आकड्यांची सवय असल्याने मी या भागात जास्त रमतो, पण वाचकांनी ते सावकाश वाचावेत. बॉस्टनच्या गटाने २००२ मध्ये सिंग्युलोटॉमी झालेल्या ४४ रुग्णांचा आढावा दिला. सरासरी ३२ महिन्यांनंतर ३२ टक्क्यांना उपचार पूर्ण अर्थाने लागू पडला होता आणि आणखी १४ टक्क्यांना अंशतः. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक लोक जवळजवळ होते तिथेच राहिले. हे सगळे उपाय हरलेले रुग्ण होते हे लक्षात घेतले, तर हा आकडा लहान नाही.

दुसरा आढावा स्टॉकहोमचा, २००८ चा. ख्रिश्चन रुक आणि सहकाऱ्यांनी कॅप्सुलोटॉमी झालेल्या २५ जणांना सुमारे अकरा वर्षांनी पुन्हा गाठले. १२ जणांना उपचार लागू पडलेला होता, त्यांतले ९ आजारातून जवळपास सुटले होते. पण १० जणांत नियोजनाची क्षमता, उत्साह किंवा संयम यांत ठळक बिघाड आढळला. त्यांतल्या सहा जणांना किरणांची मात्रा जास्त मिळाली होती किंवा त्यांच्यावर एकाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. आजारातूनही सुटले आणि दुष्परिणामही नाहीत, असे फक्त ३ जण निघाले. या निबंधाचे मला मोल वाटते ते यासाठी, की ज्या शहरात ही पद्धत वाढली तिथल्याच लोकांनी आपल्या रुग्णांचे हे पुस्तक उघडून दाखवले.

तिसरी पायरी खऱ्या कसोटीची. शस्त्रक्रियेचा आव आणला तरी काहींना बरे वाटू शकते. मग खरा परिणाम कोणता? ब्राझीलमध्ये साओ पाउलोला १६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी झाली. ८ जणांना खरे गामा-किरण दिले, ८ जणांना नुसता देखावा केला, आणि कोण कुठल्या गटात हे रुग्णांना व तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. हा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. पुढे आकडेमोडीतल्या चुका आढळल्यावर लेखकांनी तो मागे घेऊन त्याच नियतकालिकात दुरुस्त रूपात पुन्हा छापला. दुरुस्तीनंतरही देखाव्याच्या गटात वर्षाअखेर कोणालाही गुण आलेला नव्हता. पण दोन गटांतला फरक निर्णायक म्हणता येईल इतका उरला नाही. एवढ्या थोड्या रुग्णांकडून त्याहून पक्के उत्तर मिळणारही नव्हते.

तारा आणि वीज

घाव परत घेता येत नाही. या अडचणीतून दुसरी वाट निघाली. १९८७ मध्ये ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांनी कंपाच्या रुग्णांच्या मेंदूत तार ठेवून सतत सूक्ष्म विद्युतप्रवाह देण्याची पद्धत सुरू केली. १९९९ साली बेल्जियममधील लूव्हेनच्या बार्ट नुटिन यांनी तीच तार मंत्रचळाच्या ४ रुग्णांत कॅप्सूलच्या त्याच जागी बसवली, आणि तिघांना फायदा दिसला. छातीच्या कातडीखाली बॅटरी असते. प्रवाह वाढवता, कमी करता किंवा बंद करता येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये या उपकरणाला मंत्रचळासाठी मर्यादित, मानवतावादी सवलतीखालची परवानगी दिली.

बंद करता येण्याचा एक फायदा संशोधनालाही झाला. फ्रान्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १६ रुग्णांना काही महिने खरा प्रवाह आणि काही महिने बंद तार असे आलटून पालटून ठेवले. खऱ्या प्रवाहानंतर येल-ब्राउनचे गुण सरासरी १९ होते, बंद तारेनंतर २८. पण त्याच चाचणीत १५ गंभीर घटना नोंदल्या गेल्या. त्यांत मेंदूतला एक रक्तस्राव आणि दोन जंतुसंसर्ग होते. अॅम्स्टरडॅमच्या मार्टिन फिजे यांनी २०१३ मध्ये चित्रणाने दाखवले, की प्रवाह चालू असताना पुढचा खंड आणि मेंदूच्या पोटातले केंद्र यांच्यातले अतिरेकी संधान सैल होते. घावाने पाट कायमचा अरुंद होतो. तारेने दाराशी एक माणूस उभा राहतो, आणि त्याची बॅटरी संपली की तो निघून जातो.

निर्णय कोणाचा?

आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम ९६ सांगते, की मानसिक आजारावरील मेंदूची शस्त्रक्रिया दोन गोष्टींशिवाय करता येणार नाही: ज्याच्यावर ती होणार त्याची स्वतःची, सगळे समजून दिलेली संमती आणि संबंधित मंडळाची मंजुरी. नवऱ्याची, बापाची किंवा मुलाची सही इथे रुग्णाच्या सहीची जागा घेत नाही. लोबोटॉमीच्या काळात नेमके उलटे होते.

मंत्रचळात ही अट जितकी रास्त आहे तितकीच कठीण. रास्त अशासाठी, की या आजारात बहुतेक रुग्णांचे भान शाबूत असते. माझी एक मावशी नळाखाली हात धरून म्हणायची, "अरे, हे वेड आहे हे मला कळतं. कळून काय करू?" तिच्या काळात आमच्या गावात याला आजार म्हणणारेही कोणी नव्हते. असे भान असलेला माणूस संमती देऊ शकतो, नाकारूही शकतो. कठीण अशासाठी, की हा मुळातच शंकेचा आजार आहे. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच डॉक्टर त्याला शंकेचे वेडच म्हणत. कडी लागली की नाही याचाही निर्वाळा ज्याला स्वतःला देता येत नाही, त्याला न उलटणाऱ्या घावाचा निर्णय घ्यायचा असतो. म्हणून ही संमती एका बैठकीत उरकायची नसते. ती अनेक भेटींत, पुन्हा पुन्हा विचारून, मागे फिरायची मोकळीक ठेवून घ्यावी लागते. आणि कंटाळलेल्या घरच्यांच्या चेहऱ्याकडे पाहून दिलेला होकार ओळखणारा माणूस समोर असावा लागतो.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: काहींचा आजार शस्त्रक्रियेने बराच उतरतो, निम्म्या-अर्ध्यांचा फारसा हलत नाही, आणि सगळे उपचार खरोखर झाले नसतील तर हा प्रश्न विचारायची वेळच आलेली नाही. बऱ्याचदा वर्तनोपचार 'झाला' म्हणजे दोन-चार वेळा समजूत घातली, एवढेच असते. आधी ते तपासून घ्यावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: आजचा घाव लोबोटॉमीचा नाही, आणि बहुतेक माणसे ओळखीचीच राहतात, पण स्टॉकहोमच्या त्या दहा जणांना विसरून कोणी होकार देऊ नये. डॉक्टरांना विचारायचे ते हे: घाव कुठे, मात्रा किती, तुमच्या आधीच्या रुग्णांचे पाच आणि दहा वर्षांनी काय झाले, आणि शस्त्रक्रियेनंतर वर्तनोपचार कोण चालू ठेवणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वर्षानुवर्षे धुण्यात आणि तपासण्यात गेलेला दिवस मोकळा झाला की तो कशाने भरायचा, हे शस्त्रक्रिया सांगत नाही. ते शिकवायला माणूसच लागतो.